'ओपन' शिकवताना : चिनी विद्यार्थ्याला एक इंग्रजी शब्द नीट कसा द्यावा

चार-पाच वर्षं इंग्रजी शिकलेला चिनी विद्यार्थीही सहज बोलून जातो, "ओपन द लाइट." व्याकरण बरोबर, उच्चारही ठीक, तरी ऐकणारा क्षणभर दिव्याचं झाकण शोधतो. चूक आहे ती शब्दाची हद्द ओलांडल्याची. चिनी भाषेत 'खाय' या एका क्रियापदाच्या पोटात दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, सभा घेणं, औषध लिहून देणं, फूल उमलणं आणि गोळी झाडणं, इतकं सगळं मावतं. शब्दकोशात 'ओपन'समोर 'खाय' छापलेलं असतं. विद्यार्थी ती ओळ उलटी वाचतो : जिथे खाय, तिथे ओपन.

मराठी शिक्षकाला इथे घरचीच मदत आहे. आपण दार उघडतो, पण दिवा लावतो, नळ सोडतो, पाकीट फोडतो, झाकण काढतो, सभा भरवतो. एका क्रियापदाने भागत नाही हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक असतं. फुशारकी मात्र नको. 'दिवा लाव' म्हटलं की तो पेटतो आणि 'दार लाव' म्हटलं की ते मिटतं, हे परक्याला समजावून पाहा. बंद करताना तर आपण दार, दिवा, नळ, पंखा सगळ्यांना एकाच 'बंद कर'ने हाकतो. म्हणून मराठी मूल "क्लोज द फॅन" म्हणतं. "ओपन द लाइट"ची ती सख्खी बहीणच.

खालची आखणी ४५ मिनिटांच्या दोन तासिकांसाठी आहे, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर ठेवून. जुलै २०२१च्या सरकारी धोरणाने परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून चीनमधल्या शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेण्यावर बंदी आली. त्यामुळे हे सगळं मोठ्या विद्यार्थ्याला धरून लिहिलं आहे : कॉलेजातला, नोकरीतला, परीक्षा देणारा. सामान थोडंच लागतं : झाकणाचा एक डबा, लॅपटॉप, टॉर्च आणि २७ चित्रपत्ते. पत्त्यांवर फक्त चित्र हवं. खाली चिनी अक्षर लिहिलंत तर विद्यार्थी चित्र सोडून अक्षराचंच भाषांतर करील आणि सगळा खेळ फुकट जाईल.

मूळ, पाच मिनिटांत

डबा टेबलावर ठेवा. झाकण वर उचलताना म्हणा 'अप', उचलून झाल्यावर म्हणा 'ओपन'. ही नुसती गंमत नाही. 'ओपन' हा जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द 'अप'च्याच कुळातला आहे. जर्मनमध्ये 'आउफ' म्हणजे वर आणि 'ऑफन' म्हणजे उघडा. दार उघडायला सांगताना जर्मन माणूस नुसतं 'दार वर' म्हणावं तसं 'ट्यूर आउफ' म्हणतो. डचमध्येही 'ओप' म्हणजे वर, आणि 'ओपन' तर तोच शब्द. आपलं 'उघडणे' संस्कृत 'उद्घाट्'वरून आलं, आणि त्यातला 'उद्' म्हणजेही वर. हे तुमच्या समजुतीसाठी. विद्यार्थ्यापुढे संस्कृत काढून बसू नका.

आता त्याला 'खाय'चं पारंपरिक अक्षर लिहायला सांगा. त्यात दोन पाखांचं दार असतं. प्राचीन लिपीतल्या रूपात दाराच्या आत एक आडवा अडसर आणि तो काढणारे दोन हात दिसतात. १९५६च्या सुलभीकरणात दार गेलं, आतला भाग तेवढा उरला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये दार अजून लिहितात. बहुतेक विद्यार्थी हे अक्षर रोज लिहितात, पण त्यातल्या अडसराकडे त्यांचं लक्ष गेलेलं नसतं.

इथून एक खूण बांधता येते. ती लक्षात ठेवायची युक्ती आहे, व्युत्पत्तीचा नियम नव्हे. इंग्रजी शब्दाच्या तळाशी झाकण आहे : ते उचललं की आत दिसतं, आत जाता येतं. चिनी शब्दाच्या तळाशी अडसर आहे : तो काढला की अडलेलं काहीतरी सुटतं, म्हणजे पाणी, वीज, गाडी, सभा. म्हणून विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : आत जाता येतं किंवा आतलं दिसतं का? तर 'ओपन'. काही वाहू किंवा चालू लागतं का? तर बहुतेक वेळा दुसरं क्रियापद. दहापैकी सात-आठ वेळा ही खूण भागवते; उरलेले अपवाद पुढे येतीलच.

उच्चार

पहिला स्वर आपला सरळ 'ओ' नाही. तो 'ओ'कडून 'उ'कडे सरकतो. गंमत म्हणजे इथे विद्यार्थी शिक्षकाच्या पुढे असतो, कारण चिनीत असा सरकता स्वर आहे. तुम्ही देवनागरीतला 'ओपन' म्हणून दाखवलात तर त्याचा बरा उच्चार बिघडवाल.

घोटाळा 'प'चा. चिनी शब्दांच्या रोमन लेखनात जे अक्षर 'प'साठी दिसतं ते खरं 'फ' असतं, ओठ मिटून सोडलेला, 'फळ'मधला. त्या सवयीने विद्यार्थी 'ओफन' म्हणतो. त्याला सांगा की दुसरा अवयव, म्हणजे शब्दाचा 'पन' हा तुकडा, तुमच्या रोमन लेखनातल्या 'ब'ने सुरू कर आणि सूर न देता हलका सोड. कारण तिथला 'ब' म्हणजे आपला 'प'. मराठी माणसाला प, फ, ब तिन्ही वेगळे ऐकू येतात, तेव्हा ही तपासणी तुमच्याइतकी सहज कुणाला जमणार नाही. तळहात तोंडासमोर धरायला लावा. दुसऱ्या अवयवाला वाऱ्याचा झोत लागता कामा नये.

'ओपन्ड' जास्त अवघड. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दाच्या शेवटी येणारी व्यंजनं म्हणजे 'न' आणि अनुनासिक 'ङ', त्याशिवाय 'अर'सारखा एक ध्वनी. 'न्ड' तोंडात बसतच नाही, तो गळतो. शिवाय चिनी क्रियापदाला काळाचा प्रत्ययच नसतो, त्यामुळे गळाल्याचं त्याला जाणवतही नाही. नुसता 'ओपन्ड, ओपन्ड' असा पन्नासदा घोष करून काही होत नाही. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा, म्हणजे 'ड' पुढच्या शब्दाच्या डोक्यावर बसतो : 'ओपन्ड इट' हे 'ओपन-डिट', 'ओपन्ड अ शॉप' हे 'ओपन-ड शॉप'. 'डिट' तो आरामात म्हणतो. या जोडीच्या दहा वाक्यांनंतर एकटा 'ओपन्ड' घ्या. 'ओपन्ड द डोअर'वर मात्र अडून बसू नका. तिथला 'ड' इंग्रज माणूसही अर्धा गिळतो.

लिहिताना 'ओपन्ड' आणि 'ओपनिंग'मध्ये एकच 'न'. आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून शेवटचं व्यंजन दुप्पट होत नाही.

पत्त्यांचे तीन ढीग

पहिल्या तासिकेचा गाभा हाच. लॅपटॉपचा सोडून बाकीचे २६ पत्ते मिसळून द्या आणि तीन ढीग करायला सांगा. नियम सांगू नका. त्याच्या चुका बघा, त्यातूनच पुढचा धडा ठरतो.

पहिला ढीग 'ओपन'चा : दार, खिडकी, डबा, बाटली, पुस्तक, छत्री, डोळे, तोंड, फाइल, ॲप, दुकान, बँकेतलं खातं. दार, दुकान, खातं हे विद्यार्थी न अडखळता लावतो, कारण तिथे चिनीतही 'खाय' आहे. पण डोळे, तोंड आणि छत्री यांच्यापाशी तो थबकतो. चिनीत डोळे उघडायला वेगळं क्रियापद, तोंड उघडायला वेगळं, छत्रीला आणखी वेगळं. म्हणजे चूक दोन्हीकडून होते : जिथे नको तिथे 'ओपन' येतो आणि जिथे हवा तिथे येत नाही. शिक्षकाचं लक्ष पहिल्या चुकीकडेच जातं, कारण ती ऐकू येते. दुसरीत विद्यार्थी नुसता गप्प बसतो.

दुसरा ढीग 'टर्न ऑन'चा : दिवा, पंखा, टीव्ही, एसी, गॅस, नळ. 'टर्न' का? नळाची तोटी फिरवावी लागते, गॅसचीही. तीच भाषा विजेच्या बटणांना चिकटली. नळाचा पत्ता हातात देऊन मनगट फिरवायला लावा, पुढचे पाच आपोआप बसतात. 'स्विच ऑन' विजेच्या वस्तूंना चालतं, नळाला नाही.

इथे एक बारकी खोच आहे. 'टर्न ऑन'मध्ये वस्तूचं नाव मागे किंवा मध्ये कुठेही येतं, पण 'इट' फक्त मध्येच : 'टर्न इट ऑन'. 'टर्न ऑन इट' ही चूक इतकी पक्की असते की टॉर्च हातात देऊन "टर्न इट ऑन, टर्न इट ऑफ" हे वीस वेळा कृतीसह म्हणवून घेणं हाच उपाय. टॉर्च त्यासाठीच आणला आहे.

तिसऱ्या ढिगातल्या पत्त्यांना एक नाव नाही, प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. गाडी 'ड्राइव्ह' होते. मीटिंग 'हॅव' किंवा 'होल्ड' होते; 'ओपन द मीटिंग' म्हणजे अध्यक्षांनी औपचारिक सुरुवात करणं. डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतात; "द डॉक्टर ओपन्ड मी सम मेडिसिन" म्हटलं तर डॉक्टरांनी बाटलीचं बूच काढून दिलं असं होतं. बिल 'इश्यू' होतं. फुलाला 'ब्लूम' हवं, 'ओपन'ही चालतं, कारण पाकळ्या खरंच उघडतात. बंदुकीशी थोडं जपून : 'ओपन फायर' बरोबर, 'ओपन द गन' नाही.

याच ढिगात दोन पत्ते हसवण्यासाठी ठेवा. 'खाय-श्वे' म्हणजे उकळलेलं पाणी, जे चिनी माणूस दिवसभर पितो. पाटीवर त्याचं शब्दशः 'ओपन वॉटर' झालं तर इंग्रजी वाचणाऱ्याला किनाऱ्यापासून दूरचं मोकळं पाणी दिसतं, जिथे पोहण्याच्या शर्यती होतात. आणि 'खाय-शिन', शब्दशः उघडलेलं हृदय, म्हणजे आनंदी. इंग्रजीत 'ओपन हार्ट'पुढे बहुधा शस्त्रक्रिया येते.

लॅपटॉपचा पत्ता मुद्दाम शेवटी ठेवा. 'ओपन द लॅपटॉप' म्हणजे झाकण उचल, 'टर्न ऑन द लॅपटॉप' म्हणजे बटण दाब. चिनीत 'ता-खाय' दोन्हीला चालतं. खरा लॅपटॉप घेऊन दोन्ही कृती एकामागून एक करून दाखवा. सुरुवातीच्या डब्याचं झाकण इथे परत भेटतं, आणि बहुतेकांच्या डोक्यात हद्द नेमकी इथेच आखली जाते.

विद्यार्थी विचारील की सिंगापूरमध्ये तर "ओपन द लाइट" ऐकलं होतं. खरं आहे. तिथे, फिलिपिन्समध्ये आणि फ्रेंचच्या शेजारामुळे क्विबेकच्या इंग्रजीतही ते ऐकू येतं. त्याला सांगा की समजेल सगळ्यांना, परीक्षेत गुण मात्र जातील.

उघडं आणि उघडलेलं

दुसरी पूर्ण तासिका यालाच द्या. पत्त्यांची चूक ऐकणाऱ्याला हसवते आणि सुटते. ही चूक वर्षानुवर्षं लेखनात राहते. विद्यार्थी लिहितो, "द शॉप इज ओपन्ड" आणि "द शॉप इज क्लोज". दोन्ही उलटी. बरोबर रूपं 'ओपन' आणि 'क्लोज्ड'.

कारण शब्दांच्या इतिहासात आहे. 'ओपन' हे आधी विशेषण होतं, त्यापासून क्रियापद झालं. म्हणून 'उघडं' ही स्थिती सांगायला प्रत्यय लागत नाही. 'क्लोज' फ्रेंचमधून आलं, क्रियापद म्हणून रुळलं आणि स्थितीसाठी त्याला 'ड' लावावा लागला. नुसतं विशेषण 'क्लोज' आहे, पण त्याचा अर्थ 'जवळ', आणि उच्चारात शेवटी 'झ' नव्हे, 'स'. इंग्रजीने इथे एकसारखेपणा राखला नाही, हे मान्य करून टाका. तर्क शोधत बसलेल्या विद्यार्थ्याला त्याने हायसं वाटतं.

मराठीत 'दार उघडं आहे' आणि 'दार उघडलं' हा फरक रोजचा आहे. चिनीतही तो आहे, फक्त शब्दामागे येणाऱ्या छोट्या अवयवाने दाखवतात : 'खाय-ज' म्हणजे उघड्या स्थितीत, 'खाय-ल' म्हणजे उघडलं. नियम त्याच्याच भाषेतून द्या : 'ज' मनात आला तर 'इज ओपन', 'ल' मनात आला तर 'ओपन्ड'. मग एक कसोटी : वाक्याच्या शेवटी 'वॉचमनने' असं जोडता येतं का? 'द गेट वॉज ओपन्ड बाय द वॉचमन' जमतं, म्हणून 'ओपन्ड'. 'दुकान रविवारी उघडं असतं' याला वॉचमन जोडता येत नाही, म्हणून 'ओपन'.

आता कालावधी. "द शॉप हॅज ओपन्ड फॉर थ्री अवर्स" हे चिनी परीक्षांमधलं आवडतं सापळ्याचं वाक्य. उघडणं क्षणात होतं, तीन तास चालतं ते उघडं असणं. म्हणून 'हॅज बीन ओपन'. शाळेत त्यांच्याकडून एक तक्ता पाठ करून घेतलेला असतो : कालावधी आला की 'बाय'च्या जागी 'हॅव', 'बॉरो'च्या जागी 'कीप', 'डाय'च्या जागी 'बी डेड', 'ओपन'च्या जागी 'बी ओपन'. त्या तक्त्याची आठवण द्या. नवं शिकवल्यापेक्षा जुनं जागं केलेलं बरं. पण तक्ता पाठ असूनही बोलताना तो उपयोगी पडत नाही, त्यासाठी एकाच दुकानाची पाच वाक्यं सलग म्हणवून घ्या :

"द शॉप ओपन्ड ॲट एट." 
"इट हॅज बीन ओपन फॉर थ्री अवर्स." 
"इट इज स्टिल ओपन." 
"इट क्लोजेस ॲट नाइन." 
"इट इज क्लोज्ड ऑन संडेज."

पहिल्यांदा तुम्ही, मग दोघं, मग तो एकटा. चौथ्या वेळी दुकानाऐवजी बँक, पाचव्या वेळी त्याच्याच कंपनीची कँटीन, वेळाही त्याच्याच. पाचवी फेरी न अडखळता झाली की थांबा.

दार किती उघडं हेही इथेच उरका. सताड उघडं 'वाइड ओपन', किलकिलं 'अजार' किंवा 'स्लाइटली ओपन', अर्धवट 'हाफ ओपन'. दाराला 'व्हेरी ओपन' म्हणत नाहीत. माणसाला म्हणतात.

माणूस, सूचना, विद्यापीठ

माणसाबद्दल बोलताना 'ओपन' म्हणजे मनातलं मोकळेपणाने सांगणारा, 'ओपन माइंडेड' म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणारा. चिनी 'खाय-फांग' माणसाला, विशेषतः बाईला, लावलं की त्याला स्त्री-पुरुष संबंधांतल्या मोकळेपणाची छटा येऊ शकते. म्हणून काही विद्यार्थी 'शी इज ओपन' म्हणायला कचरतात, किंवा भलत्या अर्थाने म्हणतात. एका वाक्यात फरक सांगा आणि पुढे चला.

'ओपन टु' स्वतंत्र शिकवा : 'ओपन टु द पब्लिक' लोकांसाठी खुलं, 'ओपन टु सजेशन्स' सूचना ऐकायला तयार. नोकरीतल्या विद्यार्थ्याला दुसरं रोज लागतं. 'ओपनिंग' म्हणजे रिकामी जागा, नोकरीतली किंवा भिंतीतली. 'ओपन सीक्रेट' शिकवायलाच लागत नाही, चिनीत हुबेहूब तसाच शब्दप्रयोग आहे.

'ओपन युनिव्हर्सिटी' मात्र तुमच्यासाठीही मजेशीर. नाशिकच्या १९८९च्या विद्यापीठाला आपण 'मुक्त' म्हटलं. चीनच्या रेडिओ-टीव्ही विद्यापीठाचं २०१२ साली नाव बदललं तेव्हा त्यांनी 'खाय-फांग' घेतलं. आपल्याला बंधन नसणं दिसलं, त्यांना दार उघडलेलं.

तपासणी

दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने दहा चित्रं दाखवा, प्रत्येकाला पाच सेकंद. वेळ वाढवलात तर तो भाषांतर करून बरोबर उत्तर देईल आणि तुम्हाला खोटं समाधान मिळेल. आठ बरोबर आली तर शब्द बसला. 'दिवा' आणि 'दुकान उघडं आहे' यांपैकी एक जरी चुकलं, तर आठ असूनही तेवढाच भाग पुन्हा घ्या. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, होकारच येतो. "टर्न ऑन की ओपन?" असा निवडीचा प्रश्न विचारा.

गप्पांच्या ओघात चूक झाली तर मध्ये तोडू नका. टिपून ठेवा, शेवटी तीनच काढा. प्रत्येक वाक्याला अडवलेला मोठा माणूस पुढच्या वेळी दोन शब्दांत उत्तरं देऊ लागतो.

विद्यार्थी विजेच्या क्षेत्रातला इंजिनियर असेल तर आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. बटणाला चिनीत 'खाय-क्वान' म्हणतात, शब्दशः उघड-मीट. म्हणून दिवा लावताना त्याला "ओपन द स्विच" म्हणावंसं वाटणं साहजिक आहे. पण तांत्रिक इंग्रजीत 'ओपन' सर्किट म्हणजे तुटलेलं, ज्यातून प्रवाह जात नाही. त्याच्या स्वतःच्या तांत्रिक भाषेतही प्रवाह तोडायला 'त्वान-खाय' म्हणतात, तोडून वेगळं करणं, आणि तिथलं 'खाय' तेच आहे. तेव्हा कामाच्या जागी त्याने "ओपन द स्विच" म्हटलं आणि समोरच्याने शब्दशः ऐकलं, तर दिवा लागणार नाही, जाईल.